पूर आला की जामीनदारही पाण्यात : पैशाची जोखीम शेवटी कुणाच्या अंगावर पडते?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

वडील गेल्यावर त्यांचं कपाट उघडायला सहा महिने धीर झाला नाही. मागच्या रविवारी उघडलं. तळाच्या खणात प्लॅस्टिकच्या पिशवीत एका पतसंस्थेच्या सात ठेवपावत्या निघाल्या. पिशवीला अजून पुराच्या गाळाचा वास येतो. पाच पावत्यांची मुदत २०२० सालीच संपलेली. एका पावतीच्या मागं वडिलांनी पेन्सिलीनं लिहिलंय, "पुढच्या आठवड्यात या म्हणाले." खाली तारीख. त्याखाली पुन्हा तेच वाक्य आणि नवी तारीख. अशा अकरा तारखा आहेत.

संस्थेचं नाव इथं लिहिणार नाही, कृपया कुणी विचारू नये. मला विचारायचंय ते निराळं आहे.

वडील हिशोबाला पक्के होते. शिरोलीच्या फौंड्रीत ३१ वर्षं त्यांनी स्टोअर सांभाळलं. मग आयुष्याची पुंजी अशा ठिकाणी का ठेवली? तर त्यांनी त्यांच्या परीनं चौकशी केलेली होती. चेअरमन गल्लीतले. निम्मे संचालक तालमीतले. पिग्मी गोळा करणारा पोरगा आईला काकू म्हणायचा आणि दिवाळीला फराळ खाऊन जायचा. बँकेपेक्षा व्याज दोन-अडीच टक्के जास्त. वडील म्हणायचे, "पळून जाणार कुठं? सकाळी दूध आणायला आपल्याच समोरनं जायचंय."

ही चौकशी चुकीची होती असं मला अजूनही वाटत नाही. कर्ज देताना ओळख हे मोठं हत्यार आहे. कुणाच्या घरात दारू आहे, कुणाचा भाऊ वाटणी मागतोय, कुणी पोरीच्या लग्नाला किती काढलेत, हे गल्लीतल्या संस्थेला जेवढं कळतं तेवढं कुठल्याही कॉम्प्युटरला कळणार नाही. त्यावर दोन जामीनदार. एकानं बुडवलं तर दुसरा भरतो, आणि भरायची वेळ येऊ नये म्हणून तोच पहिल्याच्या मागं लागतो.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा आणि ४३ फुटाला धोका, हे आमच्या भागातल्या पोरांनाही पाठ असतं. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, सुतारवाडा, दुधाळी, सगळीकडं पाणी. त्या संस्थेचा एक कर्जदार माझ्या ओळखीचा, कापडाचं दुकान. पहिला जामीनदार शेजारचा स्टेशनरीवाला, दुसरा त्याच रांगेतला मिठाईवाला. तिघांच्याही दुकानात छातीभर पाणी होतं. आता सांगा, कोण कुणाचं भरणार?

तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. समजा शंभर जणांना कर्ज दिलं. दरवर्षी तिघांचं वाईट होतं, बाकीच्या सत्त्याण्णवांच्या व्याजातून ते भरून निघतं. बँक काय, विमा काय, भिशी काय, सगळं याच हिशोबावर उभं. पण या हिशोबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते : तिघांचं वाईट वेगवेगळ्या कारणानं, वेगवेगळ्या वेळी होणार. शंभरही जण एकाच नदीच्या काठावर असले तर?

पुरानंतर संस्था लगेच बुडाली नाही. आधी वसुली थांबली, मग लोक ठेवी काढायला आले, मग शटर अर्धं उघडं राहायला लागलं. आतल्या भानगडीही होत्याच, पण त्या कोरड्या दिवसांत झाकून राहिल्या होत्या.

इथं बँकेतले, बाजारातले, शेतीतले सगळे आहेत. तुमच्या धंद्यात ही जोखीम कोण धरतं आणि पुढं कुणाकडं जाते, ते मला समजून घ्यायचंय.

---

निवृत्त_शाखाधिकारी

धागा वाचून रात्री झोप लागली नाही. ३४ वर्षं सहकारी बँकिंगमध्ये काढली, त्यामुळं मोकळेपणानं लिहितो.

आधी एक गल्लत दूर करू, कारण यात लोकांचे संसार गेलेत. पतसंस्था ही बँक नव्हे. तिची नोंदणी सहकार कायद्याखाली होते, देखरेख सहकार खात्याची. रिझर्व्ह बँकेचा परवाना तिला नसतो आणि ठेव विमाही (बँक बुडाली तर ठराविक मर्यादेपर्यंत ठेव परत देणारा) लागू होत नाही. सहकारी बँकेला दोन्ही असतं. पाटीवरची अक्षरं सारखीच, काउंटरही सारखाच, म्हणून ठेवीदाराला फरक दिसत नाही. तो दाखवायचं काम आमच्यासारख्यांचं होतं आणि आम्ही ते पुरेसं केलं नाही.

ठेव विमा आला तोच एका बँकेच्या पडझडीनंतर. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक बंद पडली, लोक हवालदिल झाले, आणि १९६२ पासून ठेवींना विमा सुरू झाला. तेव्हा मर्यादा होती १,५०० रुपये. वाढत वाढत १९९३ ला ती १ लाख झाली आणि पुढं २७ वर्षं तिथंच थांबली. फेब्रुवारी २०२० मध्ये ५ लाख. यात मुद्दल आणि व्याज दोन्ही आलं, आणि एका बँकेच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी एकत्र मोजतात. हप्ता ठेवीदारानं भरायचा नसतो, बँक भरते.

१ लाखाचे ५ लाख कशामुळं झाले हेही लक्षात ठेवा. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. त्या बँकेच्या कर्जातला सत्तर टक्क्यांहून जास्त भाग एकाच बिल्डर समूहाकडं अडकलेला होता. तो लपवायला हजारो बनावट खाती दाखवली होती. तिथं नदी नव्हती, पूर नव्हता, पण तुमचा मुद्दा तोच. सगळी अंडी एका टोपलीत. त्यानंतर मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांना मर्यादा घट्ट केली : एका कर्जदाराला मुख्य भांडवलाच्या १५ टक्के, एका समूहाला २५ टक्के, त्यापुढं नाही.

आता ग्रामीण बाजू. गावात विकास सोसायटी, तिच्यावर जिल्हा बँक, तिच्यावर राज्य बँक, आणि मागं नाबार्ड, म्हणजे शेती-ग्रामविकासाची राष्ट्रीय बँक. ही उतरंड लोकांना नोकरशाही वाटते. पण २००५ च्या पुरात मी शिरोळ भागात होतो, तेव्हा तिचा अर्थ कळला. ऊस आठ-दहा दिवस पाण्यात राहिला, शेंडे कुजले, सोसायटीची वसुली कुठून होणार? तेव्हा पीककर्जाचं मध्यम मुदतीत रूपांतर केलं. एका वर्षाचा मार तीन-चार वर्षांवर पसरला. नुसती माणसांत वाटणी करून भागत नसेल तर काळात वाटणी करावी लागते. ती करायला मागं कुणीतरी असा लागतो ज्याचे पैसे त्याच पाण्यात अडकलेले नाहीत. गल्लीतल्या संस्थेला असा मागचा माणूस नसतो.

---

ऊसवाला

साहेब, रूपांतर म्हंजे माफी न्हवं हे बी लिवा. व्याज चालूच राहतंय आणि पुढच्या दोन हंगामांची बिलं कपातीतच जात्यात.

दुसरं, आमची जोखीम कोण धरतंय ते ऐका. एफआरपी, म्हंजे उसाचा किमान दर, कायद्यानं ठरलेली. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये हुती. ऊस गेल्यापासनं १४ दिवसांत पैसे, न्हाईतर १५ टक्के व्याज. कागदावर आमचा दर पक्का. पण साखरंचा दर खालवर होतोय, मग ती तफावत कुणी सोसायची? कारखान्यानं. कारखाना काय करतोय, गोदामातली साखर बँकंकडं तारण ठेवून उचल घेतोय. बँक कुणाच्या पैशावर देत्या? गावातल्याच ठेवीवर. म्हंजे फिरून फिरून आमच्याच दारात. माझी ठेव त्याच बँकंत, कर्ज त्याच सोसायटीचं, शेअर त्याच कारखान्याचा. धागाकर्त्याचं वाचलं आणि मग हे ध्यानात आलं. आजवर कधी असा इचार केला न्हवता.

---

शिरोळची_सून

मी आमच्या बचत गटाची सचिव आहे. अकरा जणी, महिन्याला प्रत्येकी दोनशे. सुरुवातीला नवरे हसायचे, आता त्यांच्याच बी-बियाणाला गटातनं पैसे जातात.

आमच्यात कर्ज बुडत नाही. त्याचं कारण व्याज नव्हे, लाज. बैठकीत समोरासमोर हप्ता टाकायचा असतो. एकीची सासू दवाखान्यात होती तर आम्हीच तिचे तीन हप्ते आपसात भरले, तिनं नंतर फेडले. एकीचं अडलं तर दहा जणी आहेत.

२०१९ ला अकराही जणींच्या घरात पाणी शिरलं. आम्ही शाळेत, मग नातेवाइकांकडं. गटाची पत्र्याची पेटी माझ्या माळ्यावर होती. पंधरा दिवसांनी परत आलो, माळाही बुडून गेलेला. पेटी उघडली तर आत चिखल. पासबुकं, इतिवृत्ताची वही, हप्त्यांची वही, सगळं चिकटून एक गोळा झालेलं. मी आणि अध्यक्षा, दोघींनी पानं एकेक सुटी केली आणि कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमटे लावून टांगली. निळी शाई पसरलेली, पण आकडे वाचता येत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "घर सोडून वह्या काय वाळवतीस?" मी म्हटलं, घर परत उभं राहील, कुणी किती भरलं हे गेलं तर गट उभा राहणार नाही.

त्या महिन्यात कुणीच हप्ता भरला नाही. पुढच्याही नाही. बँकेचं गटकर्ज चालू होतं, मॅडमनी मुदत वाढवून दिली. ती मिळाली नसती तर आमचा विश्वास आणि आमची लाज दोन्ही काही कामाला आलं नसतं. काका म्हणतात ते खरंय, मागं कुणीतरी कोरडा माणूस लागतो.

---

शाहूपुरी_अडत

आमची गुळाची अडत, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून द्यायचा धंदा, आजोबांपासून. आमच्या धंद्यात लोकांना फक्त कमिशन दिसतं, त्यामागं काय आहे ते सांगतो.

हंगामाच्या आधी गुऱ्हाळवाल्याला पैसा लागतो. गुळव्याचा पगार, मजुरांची उचल, काहिलीची दुरुस्ती. तो पैसा अडत्या देतो. बँकेत गेला तर तारण काय म्हणून विचारतील, मी विचारतो यंदा फड किती आणि गुळव्या कोण. बदल्यात त्याचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, माझ्या दुकानी येतात. सौदा झाला की शेतकऱ्याला पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, मी देतो. माल बराचसा गुजरातला जातो आणि तिकडचा व्यापारी पैसे महिन्या-दीड महिन्यानं पाठवतो. मधला सगळा काळ माझ्या अंगावर.

वडिलांच्या काळात तिकडचा एक व्यापारी उठला, म्हणजे त्याचं दिवाळं निघालं. आम्ही घरातलं सोनं मोडलं, पण एकाही शेतकऱ्याची पट्टी थांबवली नाही. थांबवली असती तर दुसऱ्या दिवशी यार्डात आमच्या दुकानापुढं एक रवा उतरला नसता. म्हणून आता मी एकाच गावच्या व्यापाऱ्याला हंगामाच्या चौथाईपेक्षा जास्त माल उधार देत नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम मला आज इथं वाचून कळला, आमचा नियम सोनं मोडल्यावर तयार झाला.

पूर मात्र आम्हालाही चुकला नाही. रस्ता बंद म्हणजे माल बंद. आणि पाणी लागलेल्या गुळाचं काय होतं ते कुणाला सांगायला नको.

---

दूरदेशी_करवीरकर

मंगळवार पेठेतला, सध्या नोकरीनिमित्त झुरिकला. पुनर्विम्याच्या क्षेत्रात काम करतो. शिरोळच्या ताईंची दोरीवरची पानं वाचून इथल्या एका जुन्या आगीची आठवण झाली.

१८६१ च्या मे महिन्यात स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुस गावाला आग लागली. जोराचा वारा होता, एका रात्रीत गावाचा मोठा भाग जळाला. घरांना विमा होता, पण तो त्याच प्रांतापुरत्या संस्थेचा. तिच्याकडं एवढे पैसे कुठले असणार? तुमच्या कापडवाल्या, स्टेशनरीवाल्या आणि मिठाईवाल्यासारखीच गत. त्यातून धडा घेऊन १८६३ साली झुरिकमध्ये स्विस री ही कंपनी निघाली. तिचं काम विमा कंपन्यांचा विमा उतरवणं. कोल्हापूरचा पूर, जपानचा भूकंप आणि फ्लोरिडाचं वादळ एकाच वर्षी यायची शक्यता कमी, म्हणून तिन्हीकडचा हप्ता एका ठिकाणी घ्यायचा. आपल्याकडं हे काम जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशन करतं, स्थापना १९७२.

पण याची किंमत आहे आणि ती शेतकरी मोजतो. इतक्या लांबून बघणाऱ्याला बांधावरचं दिसत नाही. म्हणून पीकविमा मुख्यतः महसूल मंडळाच्या (काही गावांच्या गटाच्या) सरासरीवर चालतो. मंडळात ठरलेल्या प्लॉटवर पीक कापणी प्रयोग होतात, त्यावरून सगळ्यांचं ठरतं. तुमचं शेत ओढ्याकाठी आणि मंडळाचा बाकीचा भाग माळावर असेल, तर तुमचं सगळं जाऊनही सरासरी बरी दिसते आणि बऱ्याचदा हातात काही पडत नाही. ज्याला ओळख आहे त्याच्याकडं पैसा नाही, ज्याच्याकडं पैसा आहे त्याला ओळख नाही. माझं रोजचं काम या दोघांमधलं अंतर कमी करायचं आहे, आणि प्रामाणिकपणे सांगतो, ते अजून फारसं कमी झालेलं नाही.

आणि लांब गेलं म्हणजे जोखीम पांगलीच असं धरून चालू नका. अमेरिकेत गृहकर्जांचे गठ्ठे बांधून जगभर विकले. हिशोब असा की वेगवेगळ्या राज्यांतली घरं एकदम कशाला पडतील? पण कर्ज देण्याची सैल पद्धत सगळीकडं एकच होती, त्यामुळं भाव सगळीकडं एकदमच पडले. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स बुडाली. दुसऱ्याच दिवशी, ज्या एआयजी या विमा कंपनीनं या गठ्ठ्यांची हमी घेतली होती, तिला वाचवायला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं ८५ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर केलं. जामीनदारही पाण्यात, फक्त नदी दिसत नव्हती.

---

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

दूरदेशी, तुमचं शेवटचं वाक्य वाचून आठवलं. त्या मंदीत वडिलांच्या फौंड्रीत तीन पाळ्यांची एक पाळी झाली होती. ते घरी येऊन म्हणाले, "अमेरिकेतल्या घरांचं आणि आपल्या कास्टिंगचं काय नातं, देव जाणे." आज ते असते तर त्यांना हा धागा वाचून दाखवला असता.

ऊसवाले दादा, तुमच्या दारात फिरून येणारी जोखीम मला सगळ्यात जास्त लागली. ठेव, कर्ज आणि शेअर या तिन्हींची मुळं एकाच उसात. यातलं ठेवीचं एक तरी मूळ दुसऱ्या जमिनीत लावा, एवढंच सुचवतो.

---

ऑप्शनवाला_राजारामपुरी

वय २७. सगळे मोठे लोक लिहितायत म्हणून गप्प होतो, पण माझ्या वयाच्या पोरांसाठी लिहितो.

शेअर बाजारात समोरचा कोण आहे हे मला कधीच कळत नाही आणि कळायची गरजही नसते. सौदा झाला की मधे क्लिअरिंग कॉर्पोरेशन उभं राहतं. विकणाऱ्यासाठी तेच घेणारं, घेणाऱ्यासाठी तेच विकणारं. दोघांकडून आधीच मार्जिन, म्हणजे अनामत रक्कम, घेतात, रोज संध्याकाळी नफातोटा चुकता करायला लावतात. अडतवाले काका महिना-दीड महिना जे अंगावर धरतात, ते इथं एका दिवसात मिटतं. हे बघून मी भारावलो होतो. वाटलं, इतकी पक्की व्यवस्था, मग भीती कसली?

भावांनो, ती व्यवस्था बाजार बुडू नये म्हणून आहे. मी बुडू नये म्हणून नाही. मार्जिन कमी पडलं की माझा सौदा तोडून टाकतात, कारण मी बुडालो तर चालतं, माझ्यामुळं दुसरा बुडता कामा नये. दोन वर्षांत मी बापाच्या ट्रॅक्टरएवढे पैसे घालवले. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन (पुढच्या तारखेच्या भावावरचे सौदे) करणाऱ्या सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, सगळ्यांचा मिळून तोटा १.८ लाख कोटींच्या वर. ते वाचलं तेव्हा मी त्या ९३ मध्ये आधीच होतो.

फ्युचर मुळात शेतकऱ्याची, व्यापाऱ्याची भावाची भीती दुसऱ्यानं घ्यावी म्हणून निघाले. ती भीती पैसे देऊन विकत घेणारा मी होतो, आणि मला वाटत होतं मी संधी विकत घेतोय. आता नोकरी करतो, महिन्याला थोडं इंडेक्स फंडात टाकतो. बाबांना सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

---

निवृत्त_शाखाधिकारी

बाळा, बापाला सांगितलंस हे सगळ्यात मोठं काम केलंस.

धागाकर्ते, तुम्ही खासगी निरोपात दोन गोष्टी विचारल्यात. इतरांनाही लागतील म्हणून इथंच उत्तर देतो.

संस्थेवर अवसायक (संस्था गुंडाळायला नेमलेला अधिकारी) नेमला असेल तर मूळ पावत्या हातातून सोडू नका. झेरॉक्स जोडून दावा द्या आणि पोच घ्या. वारस म्हणून नावं लागायची असतील तर ते काम आधी करा. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा आहे, त्याखाली गुन्हा दाखल असेल तर मालमत्ता जप्तीची कारवाई कुठवर आली हे सक्षम प्राधिकाऱ्याच्या कार्यालयात विचारता येतं. वेळ लागेल. वडिलांनी मागं लिहिलेल्या त्या अकरा तारखा खोडू नका, त्यांनी वारंवार मागणी केल्याची ती नोंद आहे.

आईच्या पैशाबद्दल : एकाच बँकेत आईचं एकटीचं खातं आणि तुमचं दोघांचं संयुक्त खातं यांना विमा वेगवेगळा मिळतो. संयुक्त खात्यात नावांचा क्रम उलटा असेल तर तेही वेगळं धरतात. पण एवढी गणितं करण्यापेक्षा दोन बँकांत ठेवा, आणि त्यातली एक अशी असू द्या जिची सगळी कर्जं आपल्या जिल्ह्यात नाहीत. मी आयुष्यभर सहकारात वाढलो, हे लिहिताना मलाच जड जातंय. तरी लिहितो.

---

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)

काका, आभार. उद्या रजा टाकलीय, वारसाच्या कागदापासून सुरुवात करतो. शिरोळच्या ताई, एक विचारायचं राहिलं. २०२१ लाही पाणी आलं होतं. तेव्हा वह्यांचं काय झालं?

---

शिरोळची_सून

तेव्हा वह्या कोरड्या राहिल्या. २०१९ च्या दिवाळीतच आम्ही ठरवलं होतं. जून लागला की पेटी माझ्या माहेरी न्यायची, आळत्याच्या माळावर. तिथं पाणी चढत नाही. गटाच्या शिल्लकीतले थोडे पैसेही तिथल्या शाखेत ठेवतो. माझी भावजय तिकडच्या गटाची अध्यक्षा आहे. त्यांच्याकडं उन्हाळ्यात विहिरी आटतात, तेव्हा त्यांची कडब्याची गाडी आमच्याकडनं जाते.

यंदाही पेटी तिकडंच आहे. ऑक्टोबरमध्ये आणायला जाईन.